खेकडे फोडायचा दगड

सोनामावशी गेली तेव्हा मी म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते. मथळा माझाच होता : ‘आज झाड तोडाल, उद्या उन्हात मराल.’ फोन आईचा. ‘सोना बाजारात पडली गं... टोपलीवरच. डॉक्टर म्हणाले, उन्हानं.’ उरलेली पत्रकं मी पिशवीत कोंबली. पुढच्या माणसाच्या हातात तो मथळा द्यायचं धाडस झालं नाही.

मावशी आगरदांड्याची, लग्न होऊन आमच्या शहरात आली आणि मासळीबाजारातल्या शिरीषाखाली बसली ती बसलीच. आई तिच्याकडूनच मासे घ्यायची. मी तिच्या पाटाशेजारी बसून खेकड्यांच्या नांग्या फोडायला शिकले. ते झाड म्हणजे बाजाराचं छप्पर होतं. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं आणि त्या सावलीत बर्फाची लादी दुपारपर्यंत टिकायची. पावसाचं पाणी बुंध्याभोवतीच्या मातीत मुरून जायचं, बाजारात कधी तुंबायचं नाही. एवढं काम फुकट करणारं दुसरं काही या शहरात मी पाहिलेलं नाही.

मग रस्तारुंदीकरण आलं आणि झाड तोडायचं ठरलं. आम्ही सह्या गोळा केल्या, पत्रकं छापली, धरणं धरलं. नगरपालिकेच्या साहेबांनी निवेदन हसतमुखानं घेतलं आणि बाजूला ठेवलं. मावशी आमचा सगळा खटाटोप बघत होती. ‘पोरी, तुजा कागुद कोन वाचतंय गो?’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या आत तिनं आपला खेकडे फोडायचा दगड घासूनपुसून धुतला, शेंदूर फासला आणि बुंध्याशी उभा केला. दोन झेंडूची फुलं, एक उदबत्ती. ‘आता यिव दे त्यांची करवत!’

करवत आली. माणसांनी चपला काढल्या, हात जोडले आणि ती परत गेली. रस्ता झाडाला वळसा घालून पुढे गेला. आमच्या सगळ्या पत्रकांनी झालं नाही ते एका दगडानं केलं. बाजारातल्या बायका आठवडाभर पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

हसू फार टिकलं नाही. दगडाला आधी दिवा आला, मग चांदीचे डोळे, मग मंडळ. मंडळाला वर्गणी मिळाली आणि बुंध्याला घट्ट भिडवून गुळगुळीत फरशी बसली. मग पाटी लागली : ‘पवित्र स्थान. येथे मासळी विकू नये.’

मावशी पाटीखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मंडळाचे अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, ‘मावशी, देवीपुढे मासे बरं दिसत नाही हो.’

‘आमच्या देवीला सुक्या बोंबलाचा निवद लागतं. तुमची ही कंची तुलशीमाल घातलेली मालकरीन आयली?’

लोक हसले. पाटी मात्र राहिली. बायकांना पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. मी चिडून मावशीला म्हटलं, सांगून टाक ना, हा तुझा दगड आहे म्हणून! आख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच वेडी.

‘सांगला त उद्या झार तोरतीन. मंग?’

मग काही नाही. ती शेडमध्ये जाऊन बसली. सकाळी कोवळ्या उन्हातच पत्रा तापायचा, बर्फाचं डोळ्यांदेखत पाणी व्हायचं. मावशी ओला फडका डोक्यावर घेऊन समोरच्या सावलीकडे बघत बसायची... तिनं वाचवलेल्या सावलीकडे. तिथे आता मंडळाच्या खुर्च्या होत्या. यंदाच्या उन्हाळ्यात ती त्या पत्र्याखालीच कोसळली. याला कोणी नैसर्गिक मृत्यू म्हणू नये.

आणि आता झाडही चाललंय. बुंध्याशी मातीच उरली नाही, तर पाणी जाणार कुठून? रस्त्याकडची मोठी फांदी पार वाळलीय. तिच्याखाली रिक्षा उभ्या असतात, शाळेची पोरं थांबतात. वारं सुटलं की वरून कडकड ऐकू येते आणि सगळे एकदा वर बघून पुन्हा आपापल्या कामाला लागतात. पाऊस आला तर पाणी थेट शेडमध्ये शिरतं. फरशी उखडा म्हणून मी मंडळाकडे गेले. उत्तर मिळालं : देवीच्या जागेला पहार लागणार नाही.

खरं सांगितलं तर करवत परत येईल, हे मला कळतं. मावशी त्याच भीतीनं मरेपर्यंत गप्प राहिली, हेही कळतं. कितीतरी दिवस मी कागद पुढे घेऊन बसत होते आणि उठत होते.

मावशीची एक सवय बाजारातल्या बायकांनी उचललीय. टोपली घेऊन जाताना त्या दगडाला हात जोडत नाहीत, त्याच्या मागे जाऊन बुंध्याला हात लावतात. परवा मावशीची सून पारू तशीच गेली. हात लावला, तर सालीची भलीमोठी ढलपी सुटून तिच्या हातात आली. आतून कोरडी, भुसभुशीत. पारू ती ढलपी पदरात बांधून माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘आता लिव. सगला लिव.’