स्पिरिटवरची फुंकर

मुळशीला धरणाचं काम चालू होतं, तेव्हा तिथल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. हात माझा हलका. शीर सापडली नाही असं कधी झालं नाही, आणि हे मी चारचौघांत सांगतही असे.

एकदा डोंगरातल्या धनगरांची सून तापाने फणफणून आली. हिवताप की मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, डॉक्टरांना कळेना. हिवताप असेल तर कोयनेल देऊन घरी धाडता येणार होतं. मुदतीचा असेल तर तिला खाटेवरून हलवायचंसुद्धा नाही. मी दंडातलं रक्त काढून बाटलीत घातलं, बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. चार दिवसांनी उत्तर आलं: बाहेरचे जंतू शिरले, नमुना वाया, दुसरा पाठवा. दुसऱ्याचंही तेच.

माझा पारा चढला. उशाशी बसणाऱ्या सासूची बोटं भंडाऱ्याने पिवळी असत, म्हणून सगळं खापर तिच्यावर फोडलं. "पुसलेल्या जागी हात लावायचा नाही, तोंडही जवळ आणायचं नाही!" ती शांतपणे म्हणाली, "आठ दिसांत आमचा तळ हलतूया. तुमास्नी काय कळंना, तर सुनंला संगट नेतो."

त्या तापात चालली असती तर पोर वाटेतच गेली असती. मी खरंच घाबरले.

तिसऱ्या वेळी सुई, पिचकारी पुन्हा उकळली. सासूला दाराशी बसवलं. दंड स्पिरिटने पुसला. दारातून आवाज आला, "बाई, मी तर हितं हाय. मंग फुकतंय कोन?"

मीच फुंकत होते. स्पिरिट लवकर वाळावं म्हणून, आणि आई खरचटल्यावर फुंकर घालायची तशी, पोरीला बरं वाटावं म्हणूनही. आजवर प्रत्येक दंडावर मी हेच केलं होतं.

कानशिलं तापली. "चूक माझीच," मी म्हटलं. तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं, दंड पुन्हा पुसला आणि तो आपोआप वाळेपर्यंत गप्प उभी राहिले. माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं.

तळ हलायच्या आत निकाल आला. नमुना स्वच्छ, ताप मुदतीचा. मेंढरं घेऊन तळ पुढे गेला, सासू सुनेपाशी राहिली. तीन आठवड्यांनी सून स्वतःच्या पायांनी पायरी उतरली.

निघताना सासूने कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि बोट माझ्या कपाळापाशी आणून थांबवलं.

"आता लावू न्हवं?"

मी वाकले आणि कपाळ पुढे केलं.