काढणाराची सोय

कोणताही बोल्ट बसवण्याआधी मिस्त्री उजव्या हाताची करंगळी ग्रीसच्या डबीत बुडवायचे आणि आट्यांवरून हलकेच फिरवायचे, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावं तशी. मग स्वतःशीच म्हणायचे, "काढणाराची सोय."

रेडिएटर बसवणारे तुम्हीही पाहिले असतील. ते बसवतात, आवळतात आणि आता हे जगाच्या अंतापर्यंत असंच राहणार अशा थाटात हात पुसतात. आमच्या मिस्त्रींना मात्र खात्री असायची, की आज ना उद्या हे कुणीतरी उघडणार. "आपल्याआधी ज्यानं बसवलं त्याला आपण किती शिव्या देतो, पुस्तकवाले? मंग आपल्यामागून येणारा काय आपली आरती करंल?"

पुस्तकवाले म्हणजे मी. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि शेजारी त्यांची पत्र्याची शेड. पुस्तकांना गिऱ्हाईक बेताचंच, त्यामुळे बघत बसायला वेळ भरपूर. शेडमध्ये भिंतीवर निळ्या सुटातला एक फोटो, खाली सिमेंटचा पाण्याचा हौद, आणि दारावर पाटी: 'रेडिएटरचे काम विश्वासाने करून मिळेल'. 'विश्वासाने' हा शब्द रंगाऱ्यानं जरा मोठा काढला होता. मिस्त्रींनी तो तसाच राहू दिला.

गळका रेडिएटर हौदात बुडवून त्यात हवा भरली, की भोक असेल तिथून बुडबुडे येतात. ते बुडबुडे मालकानं स्वतः बघायचे, हा त्यांचा नियम. "तुमच्या डोळ्यानं बघा. मी सांगितलं तर म्हणाल, मिस्त्रीनं उगंच खर्चा काढला." कडक इस्त्रीतले कितीतरी पुढारी मी त्या हौदाकाठी उकिडवे बसलेले पाहिले आहेत. लोकशाहीचं याहून स्वच्छ दर्शन मला दुसरीकडे घडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिथं बियाण्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची गाडी आली. त्यांना सगळे शेठ म्हणत. गाडी परदेशी, शेठच्याही वयापेक्षा जुनी, लालभडक, वरून उघडी, दोघांपुरती. बॉनेट एवढं लांब, की मालकाच्या आधी इंजिन अंबडला पोचावं. आठ दिवसांनी शेठची एकसष्टी होती. फाट्यापासून मंगल कार्यालयापर्यंत दोन किलोमीटर बँडच्या मागून या गाडीतून मिरवायचं ठरलं होतं. अडचण एकच: गाडी पाच मिनिटांत उकळत होती.

मिस्त्रींनी बॉनेटवर तळवा ठेवला, ताप बघावा तसा. "शेठ, ही पळायला बनवलेली हाये, मिरवायला न्हाई. पळताना तोंडावर वारा येतो, त्यानं पाणी गार होतं. बँडच्या मागं वारा कुठला?"

"म्हणजे होणार नाही?"

"होईल. रेडिएटरची जाळी जाड करावी लागंल."

रेडिएटर काढायला अर्धा दिवस गेला. आधीच्या कुणीतरी बोल्ट असे आवळले होते, जणू आत चोर कोंडला होता. उघडल्यावर आतून पिवळा चिखल निघाला. गळती तात्पुरती थांबवायला ड्रायव्हर लोक पाण्यात हळद टाकतात, तीच. मिस्त्रींनी बोटावर घेऊन वास घेतला. "बघा पुस्तकवाले, हिला हळद लागून गेली. लग्न तेवढं राह्यलं."

नवी जाळी जाड झाली आणि बॉनेट मिटेना. शेठ म्हणाले, "कापा बॉनेट."

मिस्त्रींचा आवाज चढलेला मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. "बिलकुल कापायचं न्हाई! हा पत्रा ज्यानं ठोकून काढला, त्यानं आपलं काय वाईट केलं?"

समोरच्या ढाब्यावरून त्यांनी कणकेचा गोळा मागवला. तो रेडिएटरच्या माथ्यावर ठेवायचा, बॉनेट अलगद टेकवायचं, उचलायचं आणि कणीक बघायची. जितकी जाड राहील तितकी आत जागा. पहिल्या वेळी पापड झाला. मिस्त्रींनी खालचे आधार एक बोट खाली घेतले आणि रेडिएटर जरासा मागं कलवला. पुरी झाली. मागं पंखा घासू लागला, म्हणून जुन्या ट्यूबच्या गाद्या कापून खाली घातल्या आणि रेडिएटर पुन्हा बसवला. तिसऱ्या दिवशी कणीक अंगठ्याएवढी जाड राहिली. "भाकर!" मिस्त्री म्हणाले आणि चारही बोल्टांना काजळ घातलं.

शेठसोबत नेहमी सात-आठ जणांचा गोतावळा असे. त्यातल्या एकानं विचारलं, "आन भर मिरवणुकीत उकळली तर?"

मिस्त्री कधी शपथेवर बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी दाराकडं बोट केलं. "तर ती पाटी उतरवतो."

दुसऱ्या सकाळी चाचणी झाली. "पुस्तकवाले, तुम्ही बँड," असं म्हणून त्यांनी मला गाडीपुढं चालायला लावलं. दोन किलोमीटर मी बँडच्या गतीनं चाललो, मागून ती लाल गाडी रांगत आली. तापमानाचा काटा हलला नाही. माझ्या आयुष्यातली एवढी एकच मिरवणूक, आणि तीही मी वाजत नसताना निघालेली.

एकसष्टीच्या दिवशी आम्ही दोघं माझ्या दुकानापुढं उभे होतो. गाडी आली आणि मिस्त्रींनी माझा दंड धरला. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत गाडीच्या पुढच्या जाळीवर एक फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर शेठचा हात जोडलेला फोटो, भोवती झेंडूच्या माळा.

"आहो, हिचं नाक झाकलं की!" म्हणत मिस्त्री गर्दीत घुसले. पण बँड, फटाके आणि नाचणारे भाचे यांतून वाट मिळेना. ते पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघाली होती. वाफेत फोटोतले शेठ साक्षात प्रकट झाल्यासारखे दिसत होते. खरे शेठ मात्र मागं रुमालानं तोंड पुसत होते.

"मिस्त्री, पाटी!" कुणीतरी ओरडलं. पुष्कळ जण हसले.

मिस्त्रींनी बॉनेटवर तळवा ठेवला. "हिला थंड होऊ द्या," एवढंच म्हणाले. मग फ्लेक्सच्या चारही दोऱ्या सोडल्या, साडीसारखी नीट घडी घातली आणि शेठच्या शेजारच्या सीटवर ठेवली. वाकून हळूच बोलले. जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "शेठ, तुम्ही सोता बसलेत ना गाडीत? मंग फोटो कशाला?"

बँडनं जागेवरच तीन गाणी वाजवली. गाडी निवली, पाणी भरलं, आणि पुढं कार्यालयापर्यंत ती हूं की चूं न करता गेली. पण उकळली ती सगळ्यांनी पाहिली होती.

मी दुकानावर परतलो तर मिस्त्री स्टुलावर उभे राहून पाटी उतरवत होते.

"अहो, चूक तुमची नव्हती! लोकांना सांगा की."

"काय सांगू? एकसष्टीच्या दिवशी, शेठचं तोंड आडवं आलं म्हणून? उकळली तर उतरवतो म्हणालो होतो. उकळली."

पाटी मिनिटभरात उतरली. बोल्टांना ग्रीस होतंच.

दुसऱ्या दिवशी शेठ एकटे, चालत आले. गोताव‌ळ्याशिवाय ते बरेच लहान दिसत होते आणि मला प्रथमच आवडले. "पाटी लावा," ते म्हणाले.

"उकळली ना, शेठ."

"ती मी उकळवली!" हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की ढाब्यावरचे चहाचे कप धरलेले हात थांबले. मग त्यांनी स्वतः स्टूल धरलं. तरी सवय ती सवय, म्हणाले, "थांबा, वेल्डर बोलावतो. कायमची पक्की करून टाकू."

"वेल्डिंग नको." मिस्त्रींची करंगळी डबीत गेली होती. "काढणाराची सोय."

"आता कोण काढतंय?"

"काढंल की कुणीतरी."

या जानेवारीत मिस्त्री गेले. काम करता करता गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आष्टीला लेकीकडे दुपारी पोटभर जेवून झोपले, ते उठलेच नाहीत. शेठ अंत्ययात्रेला आले होते. मागच्या रांगेत, पायी.

गेल्या आठवड्यात ती शेड एका मोबाईलवाल्यानं घेतली. पाटी कापायला तो ग्रायंडर घेऊन आला आणि विजेसाठी माझ्याच दुकानातून वायर ओढली. स्टुलावर चढला तेव्हा मी म्हणालो, "आधी हातानं फिरवून बघा."

त्यानं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं आणि दोन बोटांनी नट धरला. नट फिरला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही तळहातावर घेऊन तो उभा राहिला आणि बोटांना लागलेल्या ग्रीसकडं बघू लागला.

"कोणी बसवली होती हो ही?"

मी वायर गुंडाळत होतो. म्हणालो, "उतरा खाली. सांगतो."