चौथा झोका

पाटीवर आपलंच नाव वर हवं म्हणून दोन नगरसेवक भांडत बसले आणि कुळगावची नवीकोरी बाग दोन वर्षं कुलपात राहिली. किल्ली फक्त झाडलोट करणाऱ्या बनूबाईंच्या कमरेला असायची. तीन झोक्यांखाली गवत माजलं होतं. चौथ्याखाली मात्र पाय घासून घासून व्हावी तशी उघडी माती होती. त्यांनी मुकादमाला सांगितलं, तर तो हसला.

२००६च्या मे महिन्यात बाई भडकल्या. "पोरं रस्त्यावर खेळतात, मग बाग काय भुतांसाठी बांधली?" म्हणत त्यांनी फाटक सताड उघडलं आणि किल्ली गटारात भिरकावली.

संध्याकाळपर्यंत बाग पोरांनी भरली. तीन झोक्यांपुढे रांगा लागल्या. चौथा रिकामाच हलत होता.

"त्यावर बसा की गं!" बाई म्हणाल्या.

रांगेतली चिमुरडी वैतागली. "आजी, तो पोरगा उतरतच नाय ना!"