कान पुन्हा वाहू लागला तेव्हा

त्या दिवशी मी डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात गेले ती काही मागायला नव्हे. मागून मागून थकले होते. माझा चार वर्षांचा ओम पुन्हा एका निमोनियातून नुकताच उठला होता, आणि सकाळी त्याचा कान वाहू लागला. एक दुखणं सरलं की दुसरं हजर. औषध चालू असेपर्यंत पोर बरं, औषध संपलं की ताप. घोलवडला घरी सासूबाई म्हणायच्या, "दृष्ट लागते गं त्याला." वाडीत चिकूची तोडणी चालू, नवरा दमून यायचा, घरात रडायलाही सवड नव्हती. देवीसमोर एवढंच म्हटलं, "आई, मला आता काही सुचत नाही. तूच बघ."

मंडपात ओमला मांडीवर घेऊन बसले. शेजारी एक बाई प्रसादाचं खोबरं मोडत होती. उंबरगावकडची, गुजराती वळणाचं मराठी बोलणारी. ओमच्या कानातला कापूस बघून तिनं विचारलं, "बेन, याला सारखं होतं हे?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला का?"

मी ओमला जवळ ओढलं. माझा धाकटा भाऊ असाच तापातापानं गेला होता. आई त्याचं नावही काढत नसे.

"माझ्या मुलाचं पण असंच," ती म्हणाली. "रोगाशी लढायची ताकदच जन्मापासून कमी. आईच्या बाजूनं मुलग्यांत येतं हे. रक्त तपासलं तेव्हा कळलं. डॉक्टरांना भावाचं सांगा, बेन. सगळी दुखणी एकदम सांगा."

डहाणूच्या डॉक्टरांनी माझं शांतपणे ऐकलं. ओमचा घसा पुन्हा पाहिला. "टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत, हे त्याच आजाराचं लक्षण असू शकतं," म्हणाले, आणि त्यांनी आम्हाला मुंबईला तपासणीसाठी पाठवलं. बाईची शंका खरी ठरली.

आता दर महिन्याला इस्पितळात त्याच्या शिरेतून रोगाशी लढायची ती ताकद सलाईनसारखी थेंबथेंब आत सोडतात. हे आयुष्यभराचं आहे. माझा थकवाही गेलेला नाही. पण ओम शाळेत जातो, मातीत खेळतो, गुडघे फोडून घेतो.

त्या बाईचं मी नावही विचारलं नाही. देवीनं धाडली की सहज येऊन बसली, मला ठाऊक नाही. भार देवीवर टाकला म्हणून करायचं काही संपलं नाही. पण ते एकटीनं करतेय असं वाटणं संपलं. इस्पितळात ओमचा सुई लावलेला हात धरून बसते. तो झोपतो. मग मीही, बसल्या जागी, थोडे डोळे मिटते.