वहीत न लिहिलेला आकडा
काल मुलीने सँडलचा वेल्क्रोचा पट्टा चर्रकन सोडला आणि मला इस्पितळातली ती खोली आठवली. पक्षाघातानंतर बाबांचा निर्जीव उजवा हात तिथे तशाच पट्ट्यांनी यंत्राला बांधत. खोलीत स्पिरिटचा वास असे. यंत्र हात हलवायला मदत करी आणि पडद्यावरच्या खेळातली फळे टोपलीत पडत. डिचोलीहून बसने आम्ही रोज जायचो. पडलेल्या फळांचा आकडा मी वहीत टिपायचो. नऊ, सोळा, एकतीस. चतुर्थीला गणपतीच्या वरची फळांची माटोळी आमच्याकडे बाबाच बांधत, म्हणून एकतीस झाली त्या दिवशी मी म्हणालो, "बाबा, औंदा माटोळी तुमीच बांधतले." ते पडद्याकडे पाहत म्हणाले, "ती फळां मशीन घालता रे, हांव न्हय." मी थेरपीच्या बाईंकडे पाहिले. "यंत्राच्या मदतीशिवाय हाताने स्वतः टाकलेली पडद्यावर खाली दिसतात," त्या हळूच म्हणाल्या. खाली शून्य होते. मी वही मिटली. चतुर्थीला स्टुलावर मी चढलो. बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने एकेक फळ वर देत होते आणि गाठ सैल दिसली की "परत बांध" म्हणत होते. आता बाबा नाहीत. वही कपाटात आहे, आणि तिच्यात शेवटचा आकडा अजून एकतीसच आहे.