नवा राउटर, जुना मोबाइल

आर्णीच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यामुळे लहरींमधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. निवृत्तीनंतर माझं ऐकायला घरात दोनच माणसं उरली, बायको आणि सून. सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते. बायको मोबाइलवर पाली भाषेच्या वर्गाला बसते आणि मी क्रिकेट बघतो. तिघं एकदम बसलो की आमचा राउटर हात टेकायचा. गाथा अर्ध्यात तुटायची, सुनेच्या साहेबांचा चेहरा गोठायचा आणि माझा फलंदाज बॅट उचलून तसाच उभा राहायचा.

शेवटी मी यवतमाळला जाऊन वाय-फाय सहाचा राउटर आणला. खोका उघडायच्या आधी दोघींना समोर बसवलं. व्याख्यान असलं की मी पुस्तकी बोलतो.

"जुना राउटर म्हणजे एका खेपेत एकच सवारी नेणारी काळीपिवळी. बाकीच्या सवाऱ्या स्टँडवर ताटकळत. नवा राउटर एकाच खेपेत चौघांना बसवतो. शिवाय ज्या यंत्राला काम नाही त्याला झोपू देतो, म्हणजे बॅटरी वाचते."

"गाडी जोरात बी पळते का?" बायकोनं विचारलं.

"पळते. पण बाहेरून येणारी लाइन तेवढीच राहणार."

"झालं का सांगून? चहा मांडाचा हाय मले."

राउटर खरंच चांगला निघाला. बायकोचा वर्ग तुटेना. शेजाऱ्यांनाही मी तेच व्याख्यान दिलं, दोघांना तर दोनदा.

मग सुनेची वरच्या जागेसाठी मुलाखत आली, घरूनच. "तू बिनधास्त बस, आता काही अडकत नाही," असं तिला सांगून मी मागच्या खोलीत गेलो आणि वाय-फाय सातवरचा एक भलामोठा व्हिडिओ मोबाइलवर उतरवायला लावला. पुढच्या व्याख्यानाची तयारी नको का?

थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "सर, तुमचा आवाज तुटून राह्यला."

मी धावत गेलो आणि ज्ञानी माणूस करतो ते केलं. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. आतापर्यंत अडखळणारी मुलाखत त्यानं पूर्णच बंद पडली.

सुनेनं साहेबांना फोन करून थोडा वेळ मागितला. राउटर सुरू झाल्यावर त्याला काय काय जोडलंय ते पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, तुमचा मोबाइल काय करून राह्यला?"

मी सांगितलं.

"राउटर नवा हाय, पण तुमचा फोन जुना हाय. त्याच्याशी राउटरले जुन्याच पद्धतीनं बोला लागते. त्यात तुम्ही दोन भिंतींच्या आड. त्याचं हळूहळू होतवर बाकीच्यायले थांबा लागते."

तिनं माझा मोबाइल नेटवरून काढून टाकला आणि दार लावून घेतलं. मी जिन्यावर जाऊन बसलो. चौघांना बसवणाऱ्या गाडीचं मी गावभर कौतुक केलं होतं, आणि पायरीवर रेंगाळून गाडी अडवणारी सवारी मीच होतो.

बायको कपडे वाळत घालायला वर निघाली होती. "काहून बसले इथं?"

"सुनेनं मले नेटवरून काढलं."

"बरं केलं," म्हणून ती वर गेली.

सुनेला ती जागा मिळाली. ऐन मुलाखतीत नेट गेलं तरी ती गडबडली नाही, हे साहेबांना आवडलं म्हणे. यात आपलाही थोडा हात आहे, असं मी जेवताना सुचवून पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बायकोनं माझ्या ताटात न मागता भाकर वाढली. सुनेच्या मीटिंगच्या वेळी मी आता मोबाइल बंद ठेवतो आणि मॅच बघायला शेजारी जातो. त्यांच्याकडे टीव्हीला डिश आहे.