बलभीमचं साल

आमच्या गावात कबड्डीचे सामने असले की माईक माझ्या हातात असतो. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस समालोचक कसा झाला असं कुणी विचारत नाही, कारण तो माईक बंद पडला तर दुरुस्तही मीच करतो. बलभीमला 'भूम तालुक्याचा बिबट्या' हे नाव मीच दिलं. त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं. त्याच्या वडिलांची दोन मेंढरं बिबट्यानंच नेली होती. पण लाऊडस्पीकरवरून एकदा गेलेलं नाव परत घेता येत नाही, असं मी त्याला समजावलं आणि विषय संपवला.

बलभीम धनगराचा. लहानपणी लोकर कातरायच्या दिवसांत मेंढरू पायाला धरून आडवं पाडायचं काम त्याच्याकडं असायचं. धरलेलं मेंढरू कसं अंग आकसतं, कसा झटका देतं आणि कसं निसटतं हे त्यानं इतक्या वेळा पाहिलं की पुढं सात गड्यांच्या तावडीतून निसटणं त्याला अवघड गेलं नाही. प्रशिक्षक कोण, असं एकदा जिल्ह्याच्या सामन्यात त्याला विचारलं तर त्यानं खरंच मेंढरांचं नाव सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष श्रीमंत तात्या शेजारी उभे होते. त्यांना वाटलं, पोरगं आपला अपमान करतंय.

मोठ्या शहरांतल्या स्पर्धांत खेळाडूंचे लिलाव होतात, करार होतात, करार वाढवून मिळतात, हे सगळं आम्ही टीव्हीवर बघतो. आमच्याकडं त्यातलं काही नाही. आमच्याकडं साल असतं. पाडव्याला सालगडी ठरतो, पुढच्या पाडव्याला तो सुटतो किंवा पुन्हा धरला जातो. चांगला खेळाडू दुसऱ्या गावानं पळवू नये म्हणून काय करावं, असा प्रश्न मंडळापुढं आला तेव्हा दुसरी कुठलीच पद्धत कुणाला माहीत नव्हती. म्हणून बलभीमचंही साल ठरलं. रोख काही द्यायचं नव्हतं. एस.टी. स्टँडसमोर मंडळाचा एक गाळा रिकामा पडला होता, तो त्याला वापरायला दिला. जोवर बलभीमचं साल, तोवर गाळा.

त्या गाळ्यात त्याच्या बायकोनं, अयोध्यानं, पिठाची गिरणी टाकली. गावात दुसरी गिरणी नाही. ज्वारी, बाजरी, हरभरा, सगळ्या गावाचं दळण तिच्याकडं. बिबट्याच्या घरात पोळी येत होती ती गिरणीवर, आणि गिरणी उभी होती ती बिबट्याच्या पायांवर. पाडव्याला सगळ्या बायका गुढीला नमस्कार करत, तेव्हा अयोध्याचं लक्ष तात्यांच्या दाराकडं लागलेलं असायचं.

तीन वर्षांपूर्वी बलभीमचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. वळताना मधेच दगा द्यायचा. हे ठाऊक होतं ते त्याला, अयोध्याला आणि बार्शीच्या एका डॉक्टरला. डॉक्टर म्हणाला, आता खेळणं पुरे. पुरे म्हणजे गाळाही पुरे. तेव्हा नवरा-बायकोनं ठरवलं की येत्या पाडव्याला एकदम तीन सालं मागून घ्यायची, गुडघ्याचा बोभाटा व्हायच्या आत.

पाडव्याच्या सकाळी देवळाच्या मंडपात मंडळ बसलं. बलभीमनं हात जोडून मागणी सांगितली. श्रीमंत तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"तीन सालं? आरं बलभीम, तुझं वय किती झालं, बघ जरा."

मग जो तो सुरू झाला. एकाला त्याचं पोट दिसलं. दुसऱ्याला आठवलं की गेल्या यात्रेत तो दोनदा धरला गेला होता. आयुष्यात कधी मैदानात पाय न टाकलेले एक गृहस्थ म्हणाले, "दम ऱ्हायला न्हाय पोरात. पैल्यावानी दम न्हाय." बलभीम ऐकत होता. गुडघ्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. एवढे दोष सांगितले, पण खरा तेवढा एकाच्याही हाती लागला नाही.

"बघू पाडव्याला," तात्या सवयीनं म्हणाले.

"आज पाडवाच हाय, तात्या."

"व्हय का? मग दुपारच्याला बघू."

दुपारी परंड्याहून जीप आली. त्यातून शिवशंकर उतरला. हा परंड्याच्या संघाचा मालक, बांधकामाचे ठेके घेणारा, गळ्यात साखळी आणि बोलायला गोड. तात्यांनीच त्याला बोलावलं होतं. बलभीम द्यायचा आणि बदल्यात तरणी पोरं घ्यायची, असा बेत होता. आता सौदा म्हटला की मधे माणूस लागतो, आणि आमच्या तालुक्यात सौद्यातला माणूस म्हणजे कल्याणप्पा. हा भूमच्या जनावरांच्या बाजारातला दलाल. त्याला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. पण ते तर मंडपात बसलेल्या निम्म्या लोकांनाही कळत नव्हतं.

बलभीमला बोलावून खांबाशी बसवलं. आणि सकाळची तीच तोंडं पुन्हा बोलायला लागली.

"पोट? आवं, ते पोट न्हाय, ताकद हाय."

"गेल्या यात्रंत दोनदा धरला, त्ये बी सात-सात जणांनी मिळून."

दमाचे गृहस्थ म्हणाले, "दम तर असा, की पोरगं कबड्डी म्हणत परंड्याला चालत येईल."

तात्यांनी कळस केला. "अजून धा वरसं बघायचं काम न्हाय शिवशंकरराव. आमचं काळीज देतूय तुमाला." सकाळी तीन सालांना म्हातारा असलेला माणूस दुपारी दहा वर्षांचा तरणा झाला. मी त्याच मंडपात बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. बलभीम मात्र पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. मग मलाही हसू येईनासं झालं.

कल्याणप्पानं खांद्यावरचं उपरणं काढलं. बाजारात जनावराचा भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. "बाजारात बोट म्हंजे पैशे," कल्याणप्पा म्हणाला. "इथं बोट म्हंजे पोरगा. आन् अंगठा म्हंजे खेळायची मॅट. कबूल?" दोघांनी माना हलवल्या. त्यानं आधी तात्यांचा हात उपरण्याखाली घेतला, मग शिवशंकरचा. उपरणं हलत होतं, दोघांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बघता बघता गावातली माणसं गोळा झाली. शेवटी कल्याणप्पा म्हणाला, "जुळत आलं."

नंतर कळलं, दोन बोटं आणि अंगठा. दोन पोरं आणि एक मॅट.

उपरणं झटकण्याआधी कल्याणप्पा थांबला. "खोड?"

बाजारातली ही रीत आहे. जनावर मारकं असेल, लंगडत असेल, दूध चोरत असेल, तर विकणाऱ्यानं ते आधीच सांगायचं. लपवलं आणि मागून उघडं पडलं, तर जनावर परत येतं. आणि परत आलेल्या जनावराला मग कुठल्याच बाजारात कुणी हात लावत नाही.

"खोड कसली?" तात्या उसळले. "सोनं हाय सोनं."

"मालक सोनंच म्हणत असतोय," कल्याणप्पा म्हणाला. "जनावराला इचारता येत न्हाय म्हणून आमी मालकाला इचारतो. हितं तसं न्हाय." तो बलभीमकडं वळला. "बोल बाबा. खोड हाय का?"

बलभीमच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते त्यानं मला मागाहून सांगितलं. गप्प बसलो तर परंड्याला जाईन, महिन्याभरात गुडघा उघडा पडेल, ते मला परत पाठवतील, आणि तोवर इथला गाळा दुसऱ्याचा झालेला असेल. बोललो तर गाळा आजच जाईल. दोन्हीकडून जाणारच असेल तर निदान परत आलेलं जनावर तरी व्हायला नको.

"उजवा गुडघा," तो म्हणाला. "वळताना सुटतोय. डाक्टर म्हणला, खेळू नगं."

तात्यांनी उपरण्याखालून हात ओढून घेतला. शिवशंकर आता जीपकडं चालायला लागणार असं सगळ्यांना वाटलं. पण शिवशंकर ठेकेदार होता. पडकी भिंत बघूनसुद्धा तो तिच्यातल्या चांगल्या विटा मोजणारा माणूस.

"गुडघा गेला तर जाऊ द्या," तो म्हणाला. "डोकं हाय ना. आमच्या पोरास्नी शिकवंल. एक बोट कायम धरा. मॅट न्हाय, एक पोरगा."

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मग बलभीमकडं पाहिलं. परंडेकराला मोडक्या गुडघ्याचा बलभीम हवाय, म्हणजे यात काहीतरी आहे जे परंडेकराला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही! तात्यांना आयुष्यात दुसरं काही एवढ्या लवकर पटलं नसेल.

"बलभीम द्यायचा न्हाय!" ते उभे राहून ओरडले. "आमचा माणूस आमी देत नसतो. तीन सालं! आत्ताच्या आत्ता, नारळ आणा!"

नारळ फुटला. दमाच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणप्पानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि न झालेल्या सौद्याचा चहा पिऊन तो निघून गेला. मी लगोलग माईक जोडून गावाला सांगितलं की बिबट्या तीन सालं गावातच राहणार.

बलभीम गिरणीवर आला तेव्हा अयोध्या पट्टा बसवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आन् गुडघा?" तिनं विचारलं.

"त्यो बी तीन सालांसाठी ठिवलाय त्यांनी."

आता दोघं सुखी झाली असं मी म्हणायला हवं. गाळा राहिला, गिरणी राहिली. पण तात्यांचं डोकं दुसऱ्याच दिशेनं चालू लागलं होतं. बलभीम खेळला तर धरला जाईल. धरला गेला तर परंड्यात आपलं हसं होईल. तेव्हा त्याला खेळवायचंच नाही. प्रत्येक सामन्याला त्यानं जर्सी घालून, गुडघ्यांना पट्टे बांधून, खुर्चीवर बसायचं. सामना सुरू होण्याआधी तात्या त्याला हार घालायचे. मी माईकवरून सांगायचो, "बिबट्या अजून बाहेर बसलाय, लक्षात ठेवा!" समोरचा संघ खरंच लक्षात ठेवायचा. पाहुणी मंडळी विचारायची, हा खेळत कसा नाही? तात्या नुसते हसायचे. लोकांना वाटायचं, गुडघ्याचं ते नुसतं नाटक, यात काहीतरी डाव आहे.

बलभीमची किंमत वाढत गेली. कुर्डुवाडीकडून मागणी आली, येडशीच्या मंडळानं माणूस पाठवला. खेळत होता तेव्हा त्याला एवढं कुणी मागितलं नव्हतं. न खेळणाऱ्याला धरणार तरी कोण आणि हरवणार तरी कसा? मला याची गंमत वाटत होती, हे मी लपवत नाही. पण एकदा दळण टाकायला गेलो तेव्हा अयोध्या म्हणाली, "भाऊजी, गिरणी चालू झाली की ह्ये तोंडातल्या तोंडात कायतरी बडबडत्यात. म्या जवळ जाऊन ऐकलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या सालातल्या यात्रेला अंतिम सामना परंड्याशी पडला. संध्याकाळ होत आली होती. आम्ही एका गुणानं मागं, शेवटची चढाई आमची, आणि आमचा चढाईचा पोरगा पाय मुरगळून बाहेर. बलभीम खुर्चीवरून उठला. गळ्यातला हार काढून त्यानं खुर्चीवर ठेवला.

"बस खाली," तात्या दबक्या आवाजात म्हणाले. "तुझी किंमत हाय."

"तात्या, एकच चढाई."

"आत गेलास तर साल मोडलं. गाळा बी गेला, समज."

बलभीम थांबला. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. अयोध्या उभी राहिली. गावासमोर नवऱ्याशी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे ती.

"जावा!" ती ओरडली. "गाळ्याचं म्या बघते. तुमी जावा आत."

तो गेला. मी माईक खाली ठेवून रेषेपाशी धावलो. डावीकडं हूल, पुन्हा डावीकडं, एकाला हात लावलाच असं वाटलं, आणि परतीला वळताना गुडघ्यानं दगा दिला. परंड्याची सगळी पोरं त्याच्यावर पडली. त्या ढिगाखालून बराच वेळ 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येत होतं. पंचानं शिट्टी वाजवली तरी ते थांबलं नाही. दोन वर्षांत वाढलेली किंमत तिथंच मातीत गेली आणि सामनाही गेला.

पुढच्या पाडव्याला मंडळानं गाळा काढून घेतला. त्याला कुलूप आहे, नवा खेळाडू मिळेल त्याच्यासाठी म्हणे. अयोध्यानं गिरणी घरासमोरच्या पत्र्याच्या शेडात नेली. बायकांना डबे घेऊन थोडं लांब चालावं लागतं आणि त्या चालतात, तात्यांच्या घरच्यासुद्धा.

परवा मी शेडात बसलो होतो. बलभीम लंगडत डबे उचलत होता. मी त्याला म्हणालो, "एका चढाईपायी गाळा घालवलास की रं."

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. "दोन वरसं अंगावर निस्ते हारच पडत हुते," तो म्हणाला. "त्या दिशी माणसं पडली. लई बरं वाटलं."